एका यशाची कैफियत

पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताकडे पाहण्याच्या दोन रीती आपल्याकडील सुशिक्षितांत रूढ आहेत, आणि वरवर पाहता त्या एकमेकींच्या हाडवैरिणी असल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे असे मला दाखवावयाचे आहे. पहिल्या रीतीचे लोक असे सांगतात की, रॉक संगीतातले यश म्हणजे शुद्ध जाहिरातबाजीचे अपत्य. चार पोरांच्या अंगावर चमकदार कपडे चढवावे, वृत्तपत्रवाल्यांची मर्जी संपादन करावी, तबकड्या काढणाऱ्या कंपनीने पैसा ओतावा, की ज्या गाण्याला एरवी कोणी कान दिला नसता ते विक्रीच्या क्रमवारीत आपोआप पहिले येते. दुसऱ्या रीतीचे लोक या संगीताचे भक्त असतात, पण त्यांच्या भक्तीला एक विलक्षण अट असते: बँड जोवर गल्लीतल्या पबात पन्नास-शंभर माणसांपुढे वाजवीत आहे तोवर तो अस्सल, आणि ज्या दिवशी त्याचे नाव क्रमवारीत झळकले त्या दिवशी तो बाटला. पहिल्यांना यश हा फसवणुकीचा पुरावा वाटतो, दुसऱ्यांना अधःपाताचा. परंतु यश ही संगीताच्या बाहेरून, वरून कोठून तरी, विकत आणलेली वस्तू असते याविषयी उभयतांचे पूर्ण एकमत आहे. माझी तक्रार या एकमताविरुद्ध आहे. तिच्या पुष्ट्यर्थ मी एकच दाखला घेणार आहे, कारण दहा दाखले वरवर चाळण्यापेक्षा एकाची रुजवात नीट घातलेली बरी.

दाखला आहे ‘डॉक्टर फीलगुड’ या इंग्रज बँडचा. १९७६ सालच्या शरदऋतूत ब्रिटनमधील लाँग-प्ले तबकड्यांच्या क्रमवारीत त्यांची ‘स्टुपिडिटी’ ही ध्वनिमुद्रिका पहिल्या स्थानावर आली. आणि त्याच्या अवघी तीन वर्षे आधी हेच चौघे लंडनमधील एका पबच्या कोपऱ्यात, बिअरचे पेले हाती घेऊन गप्पा मारीत उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांपुढे, त्या गप्पा थांबाव्यात म्हणून वाजवीत होते. या तीन वर्षांचा जमाखर्च मांडला असता वरील दोन्ही मतांची वासलात लागते, असे माझे म्हणणे आहे.

टेम्स नदी लंडन ओलांडून समुद्राला मिळते तेथे, एसेक्स परगण्याच्या दक्षिण काठाशी, कॅन्व्ही नावाचे एक सखल बेट आहे. भरतीच्या पाण्याहून त्याची जमीन खाली असल्यामुळे ते बांधाच्या आश्रयाने जगते, आणि १९५३ च्या जानेवारीतल्या शेवटच्या रात्री समुद्राने तो बांध ओलांडला तेव्हा एकट्या या बेटावर पन्नासहून अधिक माणसे प्राणास मुकली. एका अंगाला लंडनच्या कष्टकरी कुटुंबांची सुटीतली चौपाटी, दुसऱ्या अंगाला तेलाच्या टाक्या, वायूची कोठारे आणि जहाजे लागण्याचे लांबलचक धक्के, अशी त्याची ठेवण. येथील तरुणांनी १९७१ साली हा बँड उभा केला. गाणारा व माउथऑर्गन वाजविणारा ली ब्रिलो, गिटारवर विल्को जॉन्सन, बास गिटारवर जॉन स्पार्क्स, आणि ‘बिग फिगर’ या टोपणनावाने ओळखला जाणारा जॉन मार्टिन ढोलांवर. यांपैकी विल्को हा मूळचा जॉन विल्किन्सन. त्याने न्यूकॅसलच्या विद्यापीठात इंग्रजी वाङ्मयाची पदवी घेतली होती, प्राचीन आइसलँडी वीरकथा मुळातून वाचल्या होत्या, खुष्कीच्या मार्गाने तो हिंदुस्थानापर्यंत येऊन गेला होता, आणि परतल्यावर काही काळ शाळेत मुलांना इंग्रजी शिकवीत होता. हे मी त्याच्या विद्वत्तेचे प्रशस्तिपत्र म्हणून सांगत नाही. ‘गुत्त्यातले अडाणी वाजंत्री’ असे ज्यांना म्हणावयाची सवय आहे त्यांच्या माहितीसाठी एवढी नोंद केली.

या मंडळींचे आरंभीचे दिवस मुळीच भूषणावह नव्हते. साठोत्तरी दशकाच्या प्रारंभी थोडीफार कीर्ती मिळवून विस्मृतीत गेलेल्या हाइन्झ नामक गायकाच्या मागे साथीदार म्हणून त्यांनी वाजविले, आणि १९७२ साली लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर जुन्या रॉक अँड रोलचा जो मोठा मेळा भरला त्यातही ते त्याच्यामागेच उभे होते. त्यांचे स्वतःचे संगीत त्या काळाच्या अभिरुचीस सर्वस्वी प्रतिकूल होते. एकीकडे ‘येस’ आणि ‘एमर्सन, लेक अँड पामर’ यांच्यासारखे बँड वीस-वीस मिनिटांच्या रचना, यंत्रवाद्यांचे मनोरे आणि सिंफनीचा आव घेऊन भव्य प्रेक्षागारे भरीत होते. दुसरीकडे चमकी लावलेल्या मुखांचे व उंच टाचांच्या बुटांचे युग चालू होते. अशा वेळी अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायकांचे दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ तीन-तीन मिनिटांच्या तुकड्यांत, साध्या सुटाबुटात, एकही अलंकार न चढवता वाजविणे हा व्यापारी दृष्टीने मूर्खपणाच होता. जाहिरातशास्त्रात पारंगत असलेल्या कोणत्याही माणसाने १९७३ साली यांच्यावर एक शिलिंगही लावला नसता, आणि कोणी लावलाही नाही. त्यांच्यावर पहिला डाव लावला तो पबने.

आता या पबची हकीकत थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण आक्षेपकांचे सर्व घोडे येथेच अडते. लंडनच्या केंटिश टाउन भागात ‘टॅली हो’ नावाचा एक पब होता व तेथे जॅझ वाजविले जात असे. १९७१ साली ‘एग्ज ओव्हर ईझी’ हा एक अमेरिकन बँड निर्माता चॅस चँडलर याच्या देखरेखीखाली ध्वनिमुद्रण करण्यासाठी लंडनला आला होता. कामात खंड पडलेला, हाताशी वेळ भरपूर, म्हणून त्यांनी टॅली होच्या चालकाला गळ घालून आठवड्यातली सर्वांत सुनी रात्र, म्हणजे सोमवारची, मागून घेतली. बिअरचा खप वाढला. खप वाढल्यावर चालकाने आणखी रात्री दिल्या, इतर पबांनी अनुकरण केले, आणि दोन-तीन वर्षांत इझलिंग्टनचे ‘होप अँड अँकर’, वेस्ट केन्सिंग्टनचे ‘नॅशव्हिल’ अशी ठिकाणांची एक मालिकाच तयार झाली. यात कोणाचा कलाविषयक कळवळा नव्हता, हे मी आनंदाने कबूल करतो. पब बहुधा एखाद्या मद्यकंपनीच्या मालकीचा, चालकाने तिचीच बिअर विकण्याचा करार, दोनहून अधिक गायकवादक बसवावयाचे तर १९६४ च्या कायद्यानुसार वेगळा परवाना काढण्याची यातायात, आणि एवढे सगळे करून ती रात्र परवडली की नाही याचा ताळा त्याच रात्री गल्ल्यावर मिळणारा. रसिकतेच्या दृष्टीने हा व्यवहार कितीही रुक्ष असो, परीक्षेच्या दृष्टीने याहून निःस्पृह परीक्षक मला तरी ठाऊक नाही. कारण पबचालकाला बँडच्या यशात भागीदारी नसे, त्याच्या भवितव्याशी कर्तव्य नसे, आणि खोटी स्तुती करून काही मिळण्याजोगे नसे.

शिवाय श्रोत्याची अवस्था लक्षात घ्या. प्रेक्षागारात येणारा मनुष्य महिनाभर आधी तिकीट काढतो, त्याने पैसे मोजलेले असतात, कलावंताची कीर्ती त्याने ऐकलेली असते, आणि मोजलेले पैसे व्यर्थ गेले हे स्वतःशीही कबूल करणे मनुष्यस्वभावाला जड जाते; सबब तो निम्म्याहून अधिक जिंकलेलाच येतो. पबातला मनुष्य दिवसभराचे काम आटोपून पेला घेण्यासाठी व ओळखीच्या चार माणसांशी बोलण्यासाठी येतो. गाणारे आहेत काय, असतील तर कोण, याची त्याला क्षिती नसते. तो वाजविणाऱ्यापासून हातभर अंतरावर उभा असतो, तोंड फिरवून बोलू शकतो, दार उघडून पलीकडच्या पबात जाऊ शकतो, आणि रात्री अकराला घंटा होऊन सगळाच कारभार आटोपतो. आपल्या जुन्या संगीत नाटकांच्या मंडळ्यांना पिटातल्या प्रेक्षकाचा जो धाक होता तोच येथे, फरक इतकाच की पिटातल्याने निदान दोन-चार आणे तरी मोजलेले असत.

डॉक्टर फीलगुडच्या कलेत जे काही वैशिष्ट्य म्हणून पुढे नावाजले गेले ते या परिस्थितीतून, कारणावरून कार्य निघावे तितक्या सरळपणे, निघालेले दिसते. जागा चौघांपुरतीच, म्हणून दुसरा गिटारवाला नाही; दुसरा नाही म्हणून विल्कोने, ‘पायरेट्स’ या जुन्या बँडच्या मिक ग्रीनचे अनुकरण करीत, ताल आणि स्वरांचे तुकडे ही दोन्ही कामे एकाच हाताने करण्याची पद्धत कमावली, आणि नखी टाकून देऊन उघड्या बोटांनी तारांवर असा काही प्रहार साधला की त्या वाद्याचा ध्वनी धारदार, तुटक आणि कोणत्याही कोलाहलातून आरपार जाणारा झाला. रंगमंच नाही, प्रकाशयोजना नाही, तेव्हा डोळे खेचून घेण्याचे काम शरीरानेच करावे लागणार. म्हणून विल्को डोळे विस्फारून, चाकांवर बसविल्यासारखा मागेपुढे धावे, गिटार बंदुकीसारखी श्रोत्यांवर रोखी, आणि त्याच्या शेजारी घामाने व डागांनी दिवसेंदिवस मळत गेलेला पांढरा कोट घातलेला ब्रिलो जागच्या जागी थरथरत, आता हा कोणाच्या अंगावर जाणार अशा आवेशात गात असे. गाणी आखूड, कारण लांबण लावली की गिऱ्हाईक पाठ फिरवणार. दोन गाण्यांमध्ये भाषणे नाहीत, कारण ती ऐकणार कोण? ज्यांना हे सगळे ‘नाटकी चाळे’ वाटतात त्यांना मी इतकेच विचारतो की, ज्या खोलीत तुमचा श्रोता तुमच्याकडे पाठ करून उभा आहे त्या खोलीत तुम्ही काय केले असते? अभिजाततेचा तोरा मिरवणाऱ्या कितीतरी प्रतिष्ठित गायकांची या कसोटीत काय गत होईल, याचा विचार मनात आला की मौज वाटते.

जाहिरातवादी मंडळी येथे म्हणतील की, हे सारे ठीक, पण पबातून क्रमवारीपर्यंत नेणारी शिडी पैशाचीच असते. त्यांच्यासाठी १९७० सालचा एक प्रसंग फार बोधप्रद आहे, आणि तो याच पबसंप्रदायाच्या इतिहासातला असल्यामुळे अप्रस्तुतही नाही. ‘ब्रिन्सली श्वार्ट्झ’ नावाच्या एका होतकरू बँडला एका झटक्यात जगप्रसिद्ध करून टाकण्याचा घाट त्यांच्या व्यवस्थापकांनी घातला. न्यूयॉर्कच्या ‘फिलमोर ईस्ट’ या नामांकित नाट्यगृहात त्यांचा जलसा ठरविला आणि तो ऐकावयास इंग्लंडहून शंभराहून अधिक पत्रकार व इतर पाहुणे विमान भरून नेले. परवान्यांच्या घोळामुळे बँड ऐन वेळी पोहोचला, वाद्ये भाड्याने आणलेली, विमान रखडल्यामुळे पाहुणे थकलेले आणि वाटेत पाजलेल्या मद्याने सुस्तावलेले. जलसा जेमतेम पार पडला, आणि परतल्यावर त्या पत्रकारांनी बँडची इतकी खिल्ली उडविली की पुढे कित्येक दिवस ब्रिन्सली श्वार्ट्झ हे नाव पोकळ गाजावाज्याला पर्याय म्हणूनच वापरले गेले. जाहिरातीचे सामर्थ्य अनिर्बंध आहे म्हणणाऱ्यांनी या खर्चाचा हिशेब कोणत्या खात्यावर टाकावयाचा ते सांगावे. पुढची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. या पराभवानंतर तोच बँड लंडनच्या उपनगरात एकत्र राहून निमूटपणे सराव करू लागला, टॅली होमध्ये एग्ज ओव्हर ईझीला ऐकून त्याच पबात वाजवू लागला, आणि ज्यांनी त्याची थट्टा केली होती त्यांच्यातल्याच काहींनी तेथे येऊन त्याची तारीफ केली. विमानाने जे साधले नाही ते सोमवारच्या रात्रीने साधले.

डॉक्टर फीलगुड १९७३ साली लंडनच्या पबांत आले आणि वर्षभरात त्यांचा बोलबाला इतका झाला की ‘युनायटेड आर्टिस्ट्स’ या कंपनीने त्यांच्याशी करार केला. ‘डाउन बाय द जेटी’ ही पहिली ध्वनिमुद्रिका १९७५ च्या जानेवारीत निघाली. तिच्याविषयी एक तपशील मोठा अर्थपूर्ण आहे: सगळे जग दोन कर्ण्यांच्या स्टीरिओ ध्वनीवर लुब्ध झालेले असता ती मोनो ध्वनीत काढलेली होती, आणि मुखपृष्ठावर त्या चौघांचे साधे काळेपांढरे छायाचित्र होते. त्याच वर्षीची दुसरी, ‘मालप्रॅक्टिस’, सतराव्या स्थानापर्यंत चढली. तिसरी म्हणजे ‘स्टुपिडिटी’; आणि ही तर ध्वनिमुद्रणगृहात तयार झालेलीच नव्हे. शेफील्डच्या सिटी हॉलमध्ये आणि कॅन्व्हीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या साउथेंडच्या कुर्सालमध्ये १९७५ साली झालेल्या जलशांचे ते मुद्रण आहे. तोवर या बँडचे एकही सुटे गाणे क्रमवारीच्या वरच्या भागात आलेले नव्हते, म्हणजे नभोवाणीवरून रोज कानांवर आदळून परिचित झालेली चाल हे जे विक्रीचे हुकमी साधन, तेही त्यांच्यापाशी नव्हते. त्या काळी ब्रिटिश क्रमवारी ठरे ती देशभरातील काहीशे निवडक दुकानांत रोजच्या विक्रीच्या ज्या नोंदवह्या ठेवल्या जात त्यांच्या आधारे. त्या नोंदी करणाऱ्या कारकुनापुढे डॉक्टर फीलगुडची तबकडी घेऊन जो तरुण उभा राहिला तो बहुधा कोठल्या तरी पबात किंवा गावच्या सभागृहात त्यांना प्रत्यक्ष पाहून आलेला होता. मळलेल्या कोटातला तो आवेश घरी नेण्याची सोय एवढाच त्या तबकडीचा उपयोग, आणि तेवढ्यासाठी लोकांनी ती पहिल्या क्रमांकाला नेली. ती तेथे एकच आठवडा टिकली. या एका आठवड्यावर हसणाऱ्यांनी हसावे. ज्या संगीताला तीन वर्षांपूर्वी बाजारात उभे राहावयास जागा नव्हती त्याने एक आठवडा का होईना, साऱ्या बाजाराला मागे टाकले, ही वस्तुस्थिती हसण्याने पालटत नाही.

वृत्तपत्रांनी साहाय्य केले नाही काय? अवश्य केले. लंडनच्या संगीत-साप्ताहिकांनी या बँडविषयी भरभरून लिहिले, आणि ते लेखन नसते तर शेफील्डच्या लोकांना कॅन्व्हीचे नाव इतक्या लवकर कळते ना. परंतु क्रम पाहा: लेखक पबात आले ते गर्दी झाल्यानंतर. यापेक्षाही सबळ पुरावा १९७५ च्या आरंभी निघालेल्या ‘नॉटी ऱ्हिदम्स’ या दौऱ्याचा आहे. त्यात तीन बँड होते: डॉक्टर फीलगुड, ‘कोकोमो’, आणि ‘चिली विली अँड द रेड हॉट पेपर्स’. भित्तिपत्रके तीच, तिकीट तेच, सभागृहे तीच, व्यवस्थापनाची सूत्रे तर प्रत्यक्ष चिली विलीच्याच व्यवस्थापकाच्या हाती. जाहिरातीचा लाभ तिघांना सारखा झाला असता फीलगुड दौऱ्याचे मानकरी ठरले आणि चिली विली त्याच वर्षी मोडला. समान कारणापासून असमान कार्य निघत असेल तर खरे कारण अन्यत्र शोधावे, इतके तर्कशास्त्र आपल्या आक्षेपकांना अवगत असावे अशी अपेक्षा आहे.

आता दुसऱ्या पक्षाकडे, म्हणजे शुद्धिवादी भक्तांकडे, वळतो. यांचे म्हणणे असे की, पहिला क्रमांक मिळाला आणि सहा-सात महिन्यांतच, १९७७ साली, विल्को जॉन्सन बँडमधून बाहेर पडला. यशाने चौघांच्या मैत्रीचा बळी घेतला. ते पबातच राहते तर बरे होते. कालक्रम खरा आहे. नव्या गाण्यांच्या निवडीवरून तंटा झाला आणि ते वेगळे झाले. पण पबात राहिलेल्यांचे काय झाले, हा प्रश्न हे भक्त कधी विचारीत नाहीत, म्हणून तो मीच विचारतो. ब्रिन्सली श्वार्ट्झ १९७५ साली मोडला. ‘डक्स डिलक्स’ हा पबांतला दुसरा आवडता बँड त्याच वर्षी मोडला. चिली विलीचे वर सांगितलेच. या तिघांना क्रमवारीचा विटाळ कधी झाला नव्हता. त्यांना मोडले ते अपुऱ्या मिळकतीने, मोडक्या गाडीतून रात्री-अपरात्री केलेल्या प्रवासाने, आणि आपले याहून पुढे काही होणार नाही या निराशेने. यश बँड मोडते हे अर्धसत्य आहे. अपयश त्याहून अधिक मोडते, फक्त त्याची बातमी होत नाही.

शिवाय या शुद्धिवादाच्या पोटात एक अप्रिय वृत्ती दडलेली आहे आणि तिचा उच्चार करणे मला भाग आहे. कलावंताने निर्धन राहावे, म्हणजे आम्हांला त्याचा शोध लागल्याचा अभिमान बाळगता येतो. तो सर्वांचा झाला की आमची मिरास गेली. तेलाच्या टाक्यांच्या छायेत वाढलेल्या कामगारवस्तीतील तरुणांनी लोकांना जे हवे ते देऊन चार पैसे मिळविले, यात बाटण्यासारखे काय आहे, हे मला अद्याप कोणी समजावून दिलेले नाही. संगीतात बदल केला म्हणावे तर ‘स्टुपिडिटी’तील गाणी तीच आहेत जी ते पबात वाजवीत, वाद्ये तीच, वेग तोच, बदलली ती खोली. आणि विल्कोच्या जाण्यानंतरही बँड बसला नाही. त्याच्या जागी जिपी मेयो आला, आणि १९७९ साली ‘मिल्क अँड अल्कोहोल’ हे त्यांचे गाणे नवव्या स्थानापर्यंत गेले. ते मेयोच्या जोडीने लिहिणारा निक लो हा एके काळी त्याच हिणविल्या गेलेल्या ब्रिन्सली श्वार्ट्झचा बासवादक व गायक होता. पबातल्या ऋणानुबंधाने क्रमवारीतले गाणे दिले, ही गोष्ट शुद्धिवाद्यांनी आपल्या कोष्टकात कोठे बसवावी हे त्यांचे त्यांनी ठरवावे.

एक तिसरा आक्षेप मात्र वरील दोहोंहून वजनदार आहे, आणि त्याला मी हलक्या हाताने उडवू इच्छीत नाही. या गोऱ्या इंग्रज तरुणांनी जे वाजविले ते मूळ अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे, त्यांच्या दुःखातून व दारिद्र्यातून निघालेले. मग यश कोणाचे? ‘स्टुपिडिटी’ हे शीर्षकगीतच सॉलोमन बर्कचे आहे. त्याच तबकडीवर चक बेरी, बो डिडली, रूफस टॉमस, सनी बॉय विल्यम्सन यांची गाणी आहेत. बँडचे नावदेखील पियानो रेड या कृष्णवर्णीय वादकाच्या गाण्यावरून चालत आलेले. हे ऋण मोठे आहे आणि ते फिटण्याजोगे नाही. तथापि हे चौघे ते ऋण लपवीत नव्हते. उसन्या भांडवलावर त्यांनी स्वतःचेही काही उभे केले: विल्कोने लिहिलेल्या गाण्यांत मिसिसिपीच्या काठाचे सोंग नाही, कॅन्व्हीचे धक्के, ज्वाळा ओकणारी तेलाची धुराडी आणि इंग्रजी उपनगरातली लबाड प्रेमप्रकरणे आहेत. आपल्या खाडीच्या मुलखाला तो थट्टेने ‘टेम्सचा त्रिभुजप्रदेश’ म्हणे. (त्याच्या ‘रोक्सेट’ या गाण्यावरून पुढे एका स्वीडिश जोडीने आपले नाव घेतले, ही जाता जाता एक गंमत.) अनुकरण आणि आत्मसात्करण यांतली सीमारेषा आखणे कठीण असते; माझ्या मते हा बँड ती ओलांडून पलीकडे गेला होता, पण येथे मतभेदास मी जागा ठेवतो.

माझ्या म्हणण्याची मर्यादाही सांगून टाकतो, नाहीतर न केलेल्या विधानाचे खंडन माझ्या माथी यावयाचे. गुणाला यश हटकून मिळते असे मी म्हणत नाही. पबांतून वाजविणाऱ्या बँडांपैकी मोजक्यांचीच नावे आज कोणाला आठवतात, आणि फीलगुडनाही अमेरिकेत तसे यश लाभले नाही. मी म्हणतो ते इतकेच की, या प्रकरणी जे यश मिळाले त्याची घडण पबात झाली होती, कंपनीने ते फक्त वाहून नेले. आणि त्या पबाचा वारसा एका बँडपुरता राहिला नाही. १९७६ साली डेव्ह रॉबिन्सन आणि जेक रिव्हिएरा यांनी ‘स्टिफ’ ही ध्वनिमुद्रण कंपनी काढली तेव्हा तिचे भांडवल म्हणून ली ब्रिलोने दिलेले ४०० पौंडांचे कर्ज कामी आले. यांपैकी रॉबिन्सन म्हणजे फिलमोर ईस्टच्या विमानफेरीच्या काळातला ब्रिन्सली श्वार्ट्झचा व्यवस्थापक, आणि रिव्हिएरा म्हणजे चिली विलीचा व नॉटी ऱ्हिदम्स दौऱ्याचा. त्या कंपनीने एल्व्हिस कॉस्टेलोला पुढे आणले, आणि ‘किलबर्न अँड द हाय रोड्स’ या बँडबरोबर वर्षानुवर्षे पबांत खस्ता खाल्लेल्या ईअन ड्युरीला १९७९ च्या जानेवारीत सुट्या गाण्यांच्या क्रमवारीत पहिले स्थान मिळवून दिले. ‘द जॅम’च्या पॉल वेलरने विल्कोच्या गिटारचे ऋण उघडपणे मानले आहे. पंक नावाने जे वादळ १९७६-७७ मध्ये उठले त्यातला गायक जो स्ट्रमर हाही ‘वन-ओ-वनर्स’ या पबांतल्याच बँडमधून आलेला.

भक्तांच्या समाधानासाठी आणखी एक नोंद. ब्रिलोने बँड अखेरपर्यंत चालविला. त्याचे शेवटचे ध्वनिमुद्रण १९९४ च्या जानेवारीत कॅन्व्ही बेटावरच, बँडचे नाव धारण करणाऱ्या एका छोट्या बारमध्ये झाले, आणि त्याच वर्षी ७ एप्रिलला कर्करोगाने तो वारला. विल्कोला २०१३ च्या सुमारास असाध्य कर्करोगाचे निदान झाल्यावर त्याने रसायनोपचार नाकारून निरोपाचे जलसे केले, गायक रॉजर डॉल्ट्रीबरोबर एक ध्वनिमुद्रिका आठवडाभरात पुरी केली, ती २०१४ साली तिसऱ्या स्थानापर्यंत गेली. मग शस्त्रक्रियेने तो बचावला आणि २०२२ च्या नोव्हेंबरपर्यंत जगला. बाटलेल्या माणसांची ही लक्षणे नव्हेत.

जाहिरातवाद्यांना मात्र माझी एकच विनंती आहे. ‘स्टुपिडिटी’ची तबकडी आजही मिळते. ती आरंभापासून शेवटपर्यंत ऐकावी, आणि तिच्यातली कोणती गोष्ट पबात घडलेली नसून कंपनीच्या कचेरीत घडलेली आहे, ते गाण्याचे नाव घेऊन सांगावे.